भिंतीवरचं सूत

शुक्रवार, ९ मे १९९७. आखाजी

आलो एकदाचे, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त गाठून. लिंबायतची भाड्याची खोली सोडली, टेंपोची एकच खेप झाली. अख्खा संसार एका खेपेत मावला म्हणून सुमनला रडू आलं आणि मला हसू. सुरतेत, डिंडोलीत आपलं घर! रांगेतलं आहे, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत, पण आपलं. सुमननं नवी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, बापाच्या नावानं नैवेद्य दाखवला. आमरस, पुरणपोळी. लेक मनीषा प्रत्येक खोलीत जाऊन ओरडून बघत होती, आवाज कसा घुमतो ते.

जेवून पुढच्या खोलीत चटईवर आडवा झालो आणि दिसली. शेजारच्या मनसुखभाईंच्या बाजूची भिंत. वरच्या कोपऱ्यातनं निघून तिरकी खाली आलेली, केसाएवढी चीर. सुमनला दाखवली. "कुठं?" म्हणाली. मग म्हणाली, "आज सणाचं नको."

म्हणजे दिसली की नाही हिला?

रविवार, ११ मे

गावी फोन लावला, किराणा दुकानात. दुकानदारानं मायला बोलावून आणलं तोवर इकडं मीटर पळतंय. घरात आलो म्हणून सांगितलं. माय म्हणाली, "आते जीव बसना मना." मग म्हणाली, "मी येसू ते कानबाई लेईसनच येसू. पाव्हनी म्हनीसन नही."

म्हणजे श्रावणात. आजवर कानबाई, आमची खानदेशची नारळाची देवी, थोरल्या दादाकडे गावीच बसायची. दादा कबूल आहे, त्याला शेतीपुढं होत नाही. कानबाईचं नारळ इथं आलं की माय कायमची इथं. कानबाई जिथं बसली ते घर, मग पुढच्या साली तिला उचलून दुसरीकडे न्यायचं नाही, हा मायचा कायदा. भाड्याच्या खोलीत यायला ती एवढ्याचसाठी तयार नव्हती. मी किती वर्षं म्हणत होतो, घर होऊ दे.

झालं घर. चिरेबद्दल बोललो नाही.

बुधवार, १४ मे

कारखान्यातनं खडू आणला. माझा रोजचाच खडू, कापडाच्या ताक्यावर खुणा करायचा. दिवसभर टेबलावरून कापड सरकतं, खालनं ट्यूबलाइट, तुटलेला ताणा दिसला की खूण, गाठ दिसली की खूण, डाग दिसला की खूण. घरी येऊन तेच केलं. मोरीजवळची फरशी पोकळ वाजते, खूण. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट तिरकी, खूण. खिडकी पूर्ण मिटत नाही, खूण. चीर जिथं संपते तिथं आडवी रेघ आणि तारीख.

सु. आंघोळ करून आली आणि बघतच राहिली. "घर घेतलं का ताका घेतला?"

मनीषा गुजरातीत, "पप्पा, तमे भींत पर केम लखो छो? मी लिहिलं तर मारता." हिला काय सांगू.

सोमवार, १९ मे

बिल्डर शेठचं ऑफिस सोसायटीच्या फाटकाशीच. गेलो. शेठ पान खात होते. "ए तो प्लास्टर छे. नवं घर आहे, सुकतं, बसतं." बसतं म्हणजे? खाली बसतं? तर हसले. म्हणाले, "तमे बहु जुओ छो." तुम्ही फार बघता. अहो, बघण्याचाच पगार मिळतो मला.

निघताना मात्र एक बोलले आणि डोक्यात किडा सोडला. मागच्या रांगेतलं खाडीकडचं शेवटचं घर अजून विकलं गेलेलं नाही. मन मानत नसेल तर बदलून घे, वांधो नहीं, पण ते विकलं गेलं की मग माझ्याकडे यायचं नाही.

प्लास्टरच आहे तर बदलून द्यायला का तयार झाला हा? आणि खरंच भिंतीत काही असतं तर बदलून द्यायला तयार झाला असता का? दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्ही बाजू पटतात.

रविवार, २५ मे

युक्ती सुचली. चिरेवर आडवा धागा डिंकानं चिकटवायचा, दोन्ही टोकं पक्की. भिंत हलली तर धागा तुटेल. कारखान्यातनं धाग्याची गुंडी आणली, ताण देऊन बसवला. सु.ला अभिमानानं दाखवला. ती धागा कटिंगच्या साड्या, सुटे धागे कापायला घरी आणलेल्या, घेऊन बसली होती, मान वर न करता "हं" म्हणाली.

आता रोज सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी धागा.

मंगळवार, ३ जून

धागा शाबूत. बरं वाटलं. चहा दोनदा प्यालो.

रविवार, १५ जून

मनसुखभाईंना बोलावून चीर दाखवली. शेवटी भिंत दोघांची आहे. माणूस चांगला, सौराष्ट्राकडचा, कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात माल निवडायचं काम. माझ्यासारखंच, खोट शोधायची. खिशातनं भिंग काढलं, एक डोळा मिटून भिंतीला नाक लावलं. पार वरपासून खालपर्यंत. मी, सु. आणि मनीषा मागं ओळीत उभे. डॉक्टर आल्यासारखं.

म्हणाले, हिऱ्यात दोन जातीची खोट असते. वरची असेल तर घासून जाते, आतली असेल तर राहते.

"मग ही कुठली?"

"हीरो होत तो कही देत. भींत मां मने खबर ना पडे."

आता बोला! भिंतीतलं कळत नाही, मग भिंग कशाला काढलं? त्यांच्या बाजूला काही आहे का विचारलं. "ना ना, मारी बाजु कंई नथी." फार पटकन म्हणाले असं मला वाटलं. सु. म्हणते, तुम्हाला सगळ्यांचं सगळंच पटकन वाटतं.

शनिवार, २१ जून

काल सोसायटीतल्या बायका वड पुजायला गेल्या होत्या. सु.चं मराठी बायकांत बस्तान बसलं. रिंगरोडच्या दुकानांतल्या बायका, उधन्याच्या लूमवाल्यांच्या बायका, दोघी जळगावकडच्या. हसत आली. या घरात ती हसते. लिंबायतला हसायची नाही, पाण्याच्या भांडणातनं वेळच नसायचा. आणि मी हिला खाडीकडच्या घराबद्दल काय विचारू?

विचारलंच. म्हणाली, "तुम्ही ठरवा, मी भांडी बांधते. पण एकदाच बांधीन." आणि आत निघून गेली. हा होकार का राग?

रविवार, २९ जून

धागा शाबूत. पाऊस चालू, भिंतीला ओल नाही. खिडकीतनं मात्र पाणी. तिथली खूण पुसली गेली, परत केली.

महिना होऊन गेला, धागा जसाच्या तसा. म्हणजे भिंत हललेली नाही. शेठला जाऊन सांगावं का, बदलायचं नाही म्हणून? उद्या सांगतो.

रविवार, ६ जुलै

सांगितलं नाही ते बरं झालं का वाईट, कळत नाही.

सकाळी सु.नं माझ्या त्या गुंडीतला धागा घेतला, साडीला लावायला. दोन बोटांत धरून ओढला. धागा लांब झाला. सोडला, आखूड झाला. परत लांब. माझ्याकडे बघून हसायला लागली. "अहो ताका मास्तर! हा तर ताणतो. भिंत चार बोटं सरकली तरी हा तुटायचा नाही."

मी सुरतेत बारा गावचं कापड बघितलेला माणूस. हाच धागा रोज हातात. ताणतो म्हणून तर त्याची साडी अंगाला बसते. आणि भिंतीला तोच लावला! रोज सकाळी बघून खूश. च्यायला.

सु. हसता हसता थांबली, माझं तोंड बघून. मग वटपौर्णिमेचं उरलेलं सूत काढून दिलं. पांढरं, सुती, जरा ओढलं की तट्‌कन तुटतं. ते चिकटवलं. आता पहिल्यापासून सुरू. मधल्या दिवसांत काय झालं ते कधीच कळणार नाही.

खडूची रेघ बघितली. चीर रेघेच्या जरा पुढं गेलीय असं वाटतंय. की रेघच जाड काढली होती?

रविवार, १३ जुलै

मनसुखभाईंकडे चहाला. पहिल्यांदाच आत गेलो. बसलो तो समोर तीच भिंत, पलीकडची बाजू. आणि बरोबर त्या जागी, वरच्या कोपऱ्याशी, कॅलेंडर. देवाचं मोठं चित्र. एवढ्या उंचावर कोण कॅलेंडर लावतं? तारीख बघायला स्टुलावर चढायचं? नीट बघितलं तर गेल्या वर्षाचं.

माझा चहा गार झाला. त्यांच्या मिसेस हंसाबेन ढोकळा घेऊन आल्या, मनसुखभाई कारखान्याचं सांगत होते, मी मान हलवत होतो. देवाचं चित्र आहे, उचलून मागं कसं बघणार? आणि उचलून बघितलं आणि खाली काहीच नसलं तर मी काय तोंड दाखवू?

घरी येऊन सु.ला सांगितलं. म्हणाली, "देवाचं चित्र कुणी टाकून देतं का? वर्ष संपलं म्हणून?" हेही बरोबर आहे. डोक्याचा नुसता भुगा.

रविवार, २० जुलै

शेठकडनं किल्ली घेऊन खाडीकडचं घर बघून आलो. एकटाच. खडू खिशात. वरपासून खालपर्यंत बघितलं, फरश्या वाजवून बघितल्या, खिडक्या मिटून बघितल्या. एक खूण नाही. एकही!

खूश व्हायला पाहिजे होतं. पण आमच्या कामात ज्या ताक्यात काहीच सापडत नाही तो पुन्हा टेबलावर घेतात. म्हणजे बघणाऱ्याचं काहीतरी राहिलंय. परत बघितलं. परत काही नाही. माझ्या घरात मला निदान माहीत आहे कुठं काय आहे. इथं काय लपलंय कुणाला ठाऊक. शिवाय खाडीचा वास. की वास हीच खूण?

किल्ली परत दिली. शेठ म्हणाले, "बोलो?" म्हटलं, विचार करतो. "करो, करो."

शनिवार, २ ऑगस्ट

दादाचं पत्र आलं. माय शुक्रवारी नागपंचमी करून शनिवारच्या गाडीनं निघणार, दादा सोबत. रविवारी कानबाई. मायनं सामान बांधून ठेवलंय, तिची पाटा-वरवंटासुद्धा. दादानं लिहिलंय, कशाला नेतेस विचारलं तर म्हणाली, आते परत कसाले येसू. दादाच्या घराला रिकामं वाटेल, असंही लिहिलंय शेवटी, बारीक अक्षरात.

ती सगळं उचलून येतेय. आणि मी अजून विचार करतोय.

बुधवार, ६ ऑगस्ट

भांडण झालं. मी कामावर असताना सु.नं आणि मनीषानं अख्खं घर चुन्यानं रंगवून काढलं. कानबाईच्या आधी रंगवतातच, बरोबर आहे, माझी माय पण रंगवायची. पण चीर गेली! माझ्या रेघा गेल्या, तारखा गेल्या, सूत चुन्यात लडबडून कडक होऊन बसलं. भिंत कोरी करकरीत. मी ओरडलो, आता कळणार कसं?

सु. म्हणाली, "काय कळायचंय? तुम्हाला घर खराब निघायला पाहिजे का?" हातावर चुन्यानं भाजलेलं, बोटं सोललेली. मनीषा दाराआड.

नंतर हातांना खोबरेल लावून दिलं. तिनं लावू दिलं. खरंच मला काय पाहिजे? खराब निघालं तर मी बरोबर ठरतो. नाही निघालं तर सगळे सुखी होतात. दोन्हीपैकी मला कशाची घाई झालीय?

चीर जिथं होती तिथं अंदाजानं नवं सूत चिकटवलं. पांढऱ्यावर पांढरं, दिसतसुद्धा नाही.

रविवार, १० ऑगस्ट. कानबाई

काल संध्याकाळी माय आणि दादा उधन्याला उतरले. माय उंबऱ्यापाशी थांबली, भाकरतुकडा ओवाळून घेतला, आत आली. प्रत्येक भिंतीला हात लावत फिरली. मी मागं मागं. काही बोलली नाही. कानबाईचं नारळ स्वतःच्या मांडीवर घेऊन आली अख्खा प्रवास, पाणी प्यायला दिलं तरी दादाच्या हातात दिलं नाही.

आज गहू दळले, प्रसादाचे जाड रोट झाले, चौरंग मांडला. कुठं? त्याच भिंतीला. मी म्हटलं, माय, समोरच्या भिंतीला बसव. "नही. दारसमोरच बसाडतस." मागं सु.ची लग्नातली साडी लावली. कानबाईला डोळे काढले, नथ घातली, मायनं स्वतःची ठेवणीतली पोत घातली. सोसायटीतल्या आपल्या बायका गाणी म्हणायला आल्या. मायचा आवाज अजून खणखणीत. दादा डोळे पुसत होता.

मनसुखभाई, हंसाबेन दर्शनाला आले. हंसाबेननी प्रसाद मागितला आणि माझी पंचाईत. रोट भाऊबंदांनाच, बाहेरच्याला देत नाहीत. सु.नं केळं आणि साखर दिली, त्यांनी आनंदानं घेतली. त्या साडीचं कौतुक करत होत्या. मनसुखभाई साडीकडे बघत होते. नाही, साडीच्या वरच्या कोपऱ्याकडे. माझी त्यांची नजरानजर झाली. दोघांनीही कानबाईला हात जोडले.

सोमवार, ११ ऑगस्ट

कानबाई तापीवर नेऊन आणली. सु.नं डोक्यावर घेतली होती, फुगडी खेळली. एवढ्या लोकांत! दादा दुपारच्या गाडीनं गेला. जाताना मायच्या पाया पडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

साडी काढली तर मायला सूत दिसलं. म्हाताऱ्या डोळ्यांना पांढऱ्यावरचं पांढरं बरं दिसतं! "हाऊ दोरा कसाना शे?" मी काहीतरी पुटपुटलो. तिनं जवळ जाऊन बोटानं चाचपलं. "हाई ते वडनं सूत शे." वडाचं सूत म्हटल्यावर संपलंच. हळद-कुंकू आणलं, अंगठ्यानं लावलं. चांगलं दाबून.

मी बघत राहिलो. तिला म्हणू काय, माय, दाबू नको, ते मोजमाप आहे?

गुरुवार, १४ ऑगस्ट

रोज सकाळी कुंकू. रोज दाबून. मी मागं उभा.

मायनं आपली खाट त्याच भिंतीला लावून घेतली, डोकं तिकडं. शेजारणीला सांगत होती, "मना आंडोरनं घर." लेकाचं घर, तीन घरं ऐकू जाईल अशा आवाजात. हंसाबेनला अहिराणी कळत नाही, मायला गुजराती कळत नाही, दोघी तासभर बोलत होत्या.

संध्याकाळी शेठचा माणूस आला. खाडीकडच्या घराला बारडोलीचं गिऱ्हाईक लागलंय. शेठनी राखीपर्यंत थांबवलंय, माझ्यासाठी म्हणे. राखीला संध्याकाळी सातला ऑफिस बंद व्हायच्या आत काय ते सांग.

सोमवार, १८ ऑगस्ट. राखी

सूत तुटलं.

सकाळी बघितलं तर मधोमध तुटलेलं, बरोबर कुंकवाच्या ठिकाणी. दोन्ही टोकं लोंबताहेत. खाली चुन्यात केसाएवढी रेघ. ती चीर का चुन्याला पडलेली सुरकुती? आणि सूत भिंतीनं तोडलं का मायच्या अंगठ्यानं? बराच वेळ उभा राहिलो. वास घेतला, फुंकर मारली. मनसुखभाईंचं भिंग आणावं असंही वाटलं. त्यानं काय कळलं असतं?

माय खाटेवर बसून रोटाचा शेवटचा तुकडा चहात बुडवून खात होती. आज पौर्णिमा, आज रोट संपवायचाच. म्हणाली, "काय देखस?"

काही नाही म्हटलं.

"माले ठाऊक शे. पयलेच दिन हात लागना मना."

चीर तिला पहिल्याच दिवशी हाताला लागली होती. तिच्याजवळ खाटेवर बसलो. म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, तू बोलत नव्हता म्हणून. म्हटलं, माय, मागच्या रांगेत एक घर आहे, त्याला काहीच नाही, आज सांगितलं तर बदलून मिळतं. तिनं चहा संपवला. बशी खाली ठेवली. "आनि कानबाई?"

मग तिनंच विचारलं, "पडी का हाई भीत?" पडेल का? म्हटलं, माय, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तीन महिने बघतोय. तुझं डोकं असतं गं तिकडं, म्हणून भीती वाटते मला.

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी मनीषाएवढा असल्यासारखा. म्हणाली, "तुटना ते तुटना. दुसरा बांध." सु.कडनं उरलेलं सूत मागून घेतलं, मला डिंक आणायला लावला. मी ताणून बसवलं. माझं बोट निघायच्या आत तिचा अंगठा कुंकवासकट वर टेकला. दाबून. हात धरावा असं वाटलं. धरला नाही.

दुपारी मनीषानं मनसुखभाईंच्या मुलाला राखी बांधली. मी तिला घेऊन गेलो होतो. कॅलेंडर तिथंच आहे. गेल्या वर्षाचंच. मनसुखभाई मला ऑफिसला जाणार का विचारत होते. यांना कुणी सांगितलं? "तमे जाव तो मने कहेजो," म्हणाले हळूच, हंसाबेनला ऐकू जाऊ न देता. तुम्ही गेलात तर मला सांगा. का? खाडीकडचं घर त्यांनाच पाहिजे, का मी जाऊ नये असं वाटतं? विचारायला पाहिजे होतं. तोंडात पेढा होता.

सव्वासहा होऊन गेले, सातला ऑफिस बंद. चपला घालून खाटेवर बसून हे लिहितोय. माय शेजारी पडलीय, डोकं भिंतीकडं, झोप लागलीय वाटतं. सूत दिसतंय, शाबूत आहे, कुंकू ओलं आहे.

सु. आतनं विचारते, कुठं निघालात?

"इथंच," म्हटलं.